माझ्या बापाचं नाव यादीतून काढा

"कुठं लिव्हलंय? दाव." असं म्हणून तो उजव्या हाताचा अंगठा समोरच्या फळीवर टेकवायचा. मुकादमाने चौकटीचं माप तोंडी सांगितलं की अंगठा फळीवर. बायको म्हणाली शनिवारी नखं कापू नयेत, की अंगठा जेवणाच्या टेबलावर. लिहिलेलं दाखवलं तर निमूट ऐके. दाखवता आलं नाही, तर समोर मॅनेजर असला तरी बधत नसे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याच्याबरोबर काम करणं त्रासाचं असतं, आणि त्याच्याशिवाय काम धड होत नाही.

मॉरिशसमधल्या प्लेन मान्येन गावाजवळच्या एका साखर कारखान्याच्या सुतारखान्यात आमची दोघांची बाकं शेजारी शेजारी होती. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणे. त्याचा आजा आणि माझा पणजा दोघेही कोकणातून ऊस तोडायला आलेले. आमचं घर देवळाचं राहिलं. त्याचा बाप तरुणपणी एका उपदेशकाच्या नादाने अँग्लिकन चर्चमध्ये गेला. नादाने हा शब्द माझा. दादाला तो खपत नसे. "बाप वाचायला शिकला आनि वाचून गेला. कुनी वढून नेला नाय."

त्यांचं लेग्लिज, म्हणजे चर्च, उसाच्या कडेला होतं. लाकडी भिंती, वर पत्रा. आत साधं टेबल, त्यावर पांढरं कापड आणि एक जाडजूड बायबल. दर रविवारी त्यातला पाठ दादा वाचून दाखवी. वीस वर्षं ते काम त्याच्याकडे होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. शनिवारी सुतारखान्यात रंधा मारतानाही तो उद्याचा पाठ पुटपुटत असे. त्याच्या मंडळींचा बाणा सरळ होता. पुस्तकात आहे ते करायचं, नाही ते करायचं नाही.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास तिथे नवा पाद्री आला. इंग्रज, उंच, मनाने चांगला, पण त्याच चर्चच्या दुसऱ्या वळणाचा. त्याने टेबलावर सहा मेणबत्त्या मांडल्या, घंटा आणली, धूप आणला, अंगावर रंगीत झगे घातले. मी मुद्दाम एका रविवारी दारातून डोकावून आलो. सोमवारी म्हटलं, "दादा, घंटा, धूप, दिवे. तुझा मोंपेर आमच्या देवळात यायच्या वाटेवर दिसतो." आमच्याकडे पाद्रीला मोंपेरच म्हणतात. दादा रंधा थांबवून म्हणाला, "तुझ्या घरात घंटा बरी वाटते मना. माझ्या घरात कुनी न इचारता वाजवली तर मी इचारनार."

आणि त्याने विचारलं. दर रविवारी प्रार्थना संपली की तो दारात पाद्रीला गाठी. पाद्रीही पळणारा नव्हता. तो जुन्या संतांचे दाखले देई, दादा बायबलचे. बायका घरी जाऊन भात शिजवीत तरी यांचं चाललेलंच.

मेणबत्त्यांवर दादा एक वेळ गप्प बसला असता. खरी ठिणगी पडली ती मेलेल्यांवरून. दोन नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये जो तो फुलं घेऊन कबरस्तानात जातो. दादाही जाई, बापाच्या कबरीवरचं गवत काढी, फुलं ठेवी आणि परत येई. त्या वर्षी पाद्रीने मेलेल्यांची यादी केली आणि एकेक नाव घेऊन त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. दादाच्या बापाचं नाव आलं तसा दादा उठला. पुढचं मला पाच जणांनी सांगितलं आणि पाचही जणांचं सांगणं सारखं होतं, हे आमच्या गावात नवलच.

"मोंपेर, माझ्या बापाचं नाव यादीतून काढा. तो पोचलाय."

खरं सांगायचं तर माझा कल पाद्रीकडे होता. आम्ही पितरांना पान वाढणारी माणसं. मेलेल्या बापासाठी दोन शब्द बोलले तर बिघडतं काय, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "जो घरात पोचला त्याला वाट दावायची म्हंजे तो पोचला नाय असं म्हननं. ज्यानं त्याला नेला, त्याच्यावर माझा भरवसा हाय." 

पाद्रीने दादाचं पाठ वाचणं बंद केलं. त्या आठवड्यात दादाने एक दार दोनदा उलटं बसवलं. दादाच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्याच्या मताची पाच घरं चिडली आणि शेजारच्या गावात दुसऱ्या एका मिशनच्या सभेला जाऊ लागली. दादाने पुढारी व्हावं म्हणून ती त्याच्याकडे आली. मी तिथेच होतो. दादा म्हणाला, "भिंतीचा रंग पसंत नाय म्हनून कुनी बिऱ्हाड हालवतं काय? लेग्लिज माझं हाय. मोंपेर पन माझाच हाय. चुकतो, पन माझा हाय."

रविवारी तो शेवटच्या बाकावर बसू लागला. गुरुवारी संध्याकाळी स्वतःच्या ओसरीत बायबल उघडून वाचू लागला. आधी बायको आणि दोन शेजारी, मग आठ, मग ओसरी पुरेना. पाद्रीला हे माहीत होतं. त्याने कधी अडवलं नाही.

साठ सालच्या सिक्लोनने, म्हणजे चक्रीवादळाने, चर्चचं छप्पर उडवलं. दुसऱ्या दिवशी दादा हत्यारं घेऊन वर चढला, आणि झगा काढून ठेवून पाद्रीही. दादा खिळे ठोकी, पाद्री पत्रा धरी, आणि वाद तिथेही चालू. पोचलेले, न पोचलेले, संत, प्रेषित. दुपारी मी खालून बघतो तर वाऱ्याच्या बाजूची अख्खी ओळ उलटी ठोकलेली. पत्र्यावर पत्रा असा चढवला होता की आग्नेयेचा पहिला वारा सरळ आत शिरला असता. तीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाची ही चूक. मी ओरडून सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आयो," दादा म्हणाला, "कि पु फेर." आता काय करायचं. मग दोघांनी मिळून एकेक खिळा उपटला, आणि तेवढा वेळ दोघेही गप्प होते.

सहासष्ट साली दादाच्या छातीने दगा दिला. पाद्री दर दोन दिवसांनी येऊन बसे. एकदा मी असतानाच दादाने विषय काढला. त्याला एवढीच एक काळजी उरली होती. "मोंपेर, मी गेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना नको. मागं राहिलेल्यांसाठी करा. शब्द द्या."

त्या पाद्रीसाठी ही गोष्ट लहान नव्हती. मेलेल्याला प्रार्थनेशिवाय धाडणं म्हणजे त्याच्या दृष्टीने माणसाला उपाशी धाडणं.  तरी तो म्हणाला, "बों." बरं.

मातीच्या दिवशी चर्च भरलं. सोडून गेलेली पाचही घरं आली आणि कान टवकारून बसली. जिथे मेलेल्याच्या आत्म्यासाठी मागायचं तिथे पाद्री थांबला. मग त्याने दादाच्या बायकोसाठी मागितलं, गुरुवारच्या ओसरीसाठी मागितलं, सुतारखान्यासाठी मागितलं. दादासाठी एक शब्दही नाही.

पुढच्या महिन्यात चर्चच्या दाराची बिजागरी बदलायला मी भर दुपारी गेलो. आत पाद्री एकटाच टेबलापुढे गुडघ्यावर होता आणि पुटपुटत होता. मी जवळ गेलो तेव्हा दादाचं नाव स्पष्ट ऐकू आलं.

"मोंपेर," मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

तो दचकला नाही. "दिला होता. माती दिली त्या दिवशी पाळला. त्यानंतर चार दिवस पाळला. पुढे जमलं नाही."

"दादाला राग येईल."

"येईलच," पाद्री म्हणाला. "अकरा वर्षं दर रविवारी येत होता. मी तिकडे गेलो की दारातच गाठेल मला."

एवढं बोलून त्याने पुन्हा डोळे मिटले आणि दादाचं नाव घेतलं.