डावीकडं कललेली सीट

माझ्या नवऱ्यानं सायकलला चामड्याची सीट बसवली तेव्हा मला हसू आलं होतं. लाकडाच्या पाटासारखी टणक होती ती. सुरुवातीचे दिवस तो पडेगावहून दौलताबादपर्यंत जाऊन यायचा आणि घरी आला की खुर्चीवर बसायचं टाळायचा, उभ्यानंच चहा प्यायचा. मी म्हणायचे, “काढून टाक ना ती, पहिली काय वाईट होती?”

“थोडं थांब,” तो म्हणायचा. “आपल्या हाडांची ओळख पटली की मऊ होते ती.”

सुटीच्या दिवशी डबीतलं मेण बोटावर घेऊन तो सीटला वरून-खालून चोळायचा आणि मुरायला ठेवून द्यायचा. आभाळ आलं की तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायचा. भिजलीच तर सावलीत वाळवायची, आणि ओली असताना तिच्यावर अजिबात बसायचं नाही, नाहीतर चामडं लोंबतं, असं मला बजावून सांगायचा. जसं काही मी बसणारच होते.

सावकाश त्या चामड्यात दोन खळगे पडले. डावा जास्त खोल. लहानपणी लासूरकडच्या त्यांच्या गावात शेळ्यांना पाला तोडताना तो बाभळीवरून पडला होता. डाव्या मांडीचं हाड वाकडं जुळलं आणि पाय जरा आखूड राहिला. चालताना तो डावीकडं कलायचा, सायकलवरही तसाच बसायचा.

पुढं एका हिवाळ्यात तो तापानं गेला. दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत गेला होता.

घरात मी आणि आबा उरलो. आबा म्हणजे माझे सासरे. सगळी उमर मेंढरांमागं गेलेली. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा नवऱ्यानंच त्यांना गावाहून आणलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट आणि खाटेसमोर भिंतीला टेकलेली, तो रोज जिन्यावरून उचलून वर आणायचा ती सायकल. तिला हात लावायचं मला सुचलं नाही.

उन्हाळा लागला. एका दुपारी मी भांडी आवरत होते आणि बाहेरच्या खोलीतून ‘कुर्र’ असा आवाज आला. नवरा सीटवर बसताना जसा यायचा, अगदी तसाच. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग आबांचा आवाज आला, “आलास का रं?”

मी बाहेर गेले. आबा खाटेवर उठून बसले होते, तोंड सायकलकडं.

“कोणी नाही आबा. उन्हानं चामडं वाळतंय, त्याचा आवाज आहे.”

“व्हय,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते आडवे झाले नाहीत. तोंड तिकडंच करून बसून राहिले.

आवाज बंद व्हावा म्हणून मी कपाटातून मेणाची डबी काढली. सीटवर बोट फिरवताना डाव्या खळग्यात ते आपोआप खाली गेलं. हात न थांबवता मी सगळी सीट चोळून काढली. आवाज थांबला. पण हात लागला होता, मग राहवेना. मी त्याच सायकलवरून कॉलेजला जायला लागले. तिथल्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे.

कंबर भयंकर दुखायची. शहागंजमधल्या एका सायकलवाल्याकडं गेले. त्यानं सीटवर तळवा ठेवला आणि मान हलवली. “ये तो दूसरे के बैठक की है, बाजी. तुमको नक्को. नई लगा देतूं.”

मी नवी सीट नको म्हणाले आणि तीच सायकल घेऊन निघाले. हळूहळू दुखणं कमी झालं. मला वाटलं, सीट माझी झाली.

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एकदा कॉलेजातून घरी आले. सायकल खाली लावली, जिना चढून दार उघडलं, तोच आबा म्हणाले, “पोरा, जरा पाणी दे रं.”

झोपेत असतील म्हणून मी बोलले नाही, पेला भरून त्यांच्या हातात दिला. घेताना त्यांची बोटं माझ्या बांगड्यांना लागली. पाणी हिंदकळलं.

“तू व्हय?” त्यांनी पेला खाली ठेवला. “पायरीवर पाय तर त्याचा वाजला.”

मी आतल्या खोलीत आरशासमोर चालून बघितलं. डावा खांदा खाली जात होता.

“काढ ती सीट,” आबा बाहेरून म्हणाले. “तो गेलाय पोरी. तू अशी चालू नको.”

दुसऱ्याच दिवशी मी साधी रेक्झिनची सीट बसवून घेतली. जुनी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. दिवाळीपर्यंत माझी चाल सुधारली असावी, कारण दार उघडलं की आबा आता “आलीस का” असं म्हणायचे. आणि तेवढंच. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. भाकरी अर्धी ठेवायचे.

एका सकाळी मी चहा देत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. “फेकली का गं ती?”

“नाही आबा.”

“आण इकडं.”

मी माळ्यावरून काढून ती त्यांच्या मांडीवर ठेवली. अंगठ्यानं त्यांनी डावा खळगा चाचपला. मग म्हणाले, “हाड बसवणाऱ्याकडं म्याच नेलं व्हतं त्याला. दवाखाना लांब व्हता. लई वरडला. म्या धरून ठिवला.”

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. चहा निवून गेला.

तेव्हापासून ती सीट त्यांच्या उशाशीच असते. मेण तेच लावतात, खालच्या बाजूनंसुद्धा. नीट जेवायलाही लागलेत. मी रेक्झिनच्या सीटवरून कॉलेजला जाते, येते. पण अधूनमधून मी जिन्यात असताना वरून त्यांचा खोकला मधेच थांबतो आणि घर एकदम चिडीचूप होतं. मग मी दोन्ही पाय जपून, सारखे टाकत वर चढते. ते कुणाचं पाऊल ऐकत असतात, ते मी कधी विचारलेलं नाही.