एर्मेक बाकावर

सारी-कुंगोय गावाच्या कोक-बोरू या घोड्यावरच्या खेळाच्या संघाची अध्यक्ष आनिपा झाली ती तिला कुणी हौसेने निवडलं म्हणून नव्हे. जुना अध्यक्ष लेकाकडे राजधानीला राहायला गेला आणि त्याच्या खुर्चीवरून गावातली दोन घराणी अशी भांडली, की नमाजालाही एका रांगेत उभी राहीनात. शेवटी कुणीतरी तोड काढली, की तूर्तास त्या आनिपाला बसवा. बाईमाणूस आहे, राजम्याच्या हंगामात तिला सवड कुठली, आपोआप सोडेल. त्याला सहा वर्षं होऊन गेली.

आनिपाकडे राजमा मळायचं यंत्र होतं. अख्ख्या खोऱ्यात राजम्याशिवाय दुसरं पीक नाही, तेव्हा मिशीला पीळ देणाऱ्या प्रत्येक गड्याला वर्षातून एकदा तिच्या दारात पोती घेऊन उभं राहावं लागे. बाई अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. थट्टेत तिचा हात कुणी धरू शकत नसे. एका लग्नात तिने नवरदेवाच्या चुलत्याला बकरीचं साधं दूध मानाचं घोडीचं म्हणून पाजलं होतं आणि त्याने त्याची तोंड भरून तारीफही केली होती. तिचा नवरा साग्यनाली मधमाश्या पाळायचा. बोलणं बायकोकडे आणि ऐकणं आपल्याकडे, अशी त्या घराची जुनी वाटणी होती.

एर्मेक हा तिचा भाचा. भाऊ-भावजय गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, घोड्यावरही तिनेच बसवला. तो तिला एजे म्हणे, म्हणजे आत्या किंवा थोरली बहीण. पुढे तो असा निघाला, की धावत्या घोड्यावरून वाकून बोकडाचं धड एका हाताने उचलायचा, मांडीखाली दाबायचा आणि सात जणांची झोंबाझोंबी चुकवून समोरच्यांच्या गोलात, म्हणजे मातीच्या मोठ्या कढईत, नेऊन आदळायचा. शेजारच्या कोन-आरिकची पोरं त्याला पाहूनच घोड्याचा लगाम आखडायची.

त्या शरदात गावात एक लग्न झालं. मांडवामागच्या सफरचंदांच्या बागेत पाटाचं पाणी वाटणारा सापार पाटकरी बेशुद्ध सापडला. जबडा मोडलेला, कवटीला तडा. शुद्धीवर आल्यावर त्याने पोलिसांना एकच नाव सांगितलं, एर्मेकचं. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एर्मेक म्हणाला, मी तर मांडवात नाचत होतो. साक्षीला अर्धं गाव उभं राहिलं. पण ते अर्धं गाव त्या दिवशी किती शुद्धीत होतं हे तपास अधिकाऱ्यालाही माहीत होतं, कारण तोही वऱ्हाडी होता. खटला उभा राहिला. निकाल लागेपर्यंत गाव सोडायचं नाही, या अटीवर एर्मेकला घरी धाडलं.

आणि कोन-आरिकशी अंतिम सामना तोंडावर आला होता.

संघाच्या खोलीत बैठक भरली. एस्तेबेस-आबा, जनावरांचे निवृत्त डॉक्टर, दाढी कुरवाळत म्हणाले, "यात चर्चा कसली? पोरगा खेळेल. न्यायाधीश सांगेपर्यंत माणूस निर्दोष असतो."

"अगदी बरोबर, आबा," राखीव गड्यांपैकी कुबात पुढे सरसावला. हा पोरगा एरवी बैठकीत तोंड उघडत नसे. "एर्मेक नसेल तर संघ कसला? त्याला बसवलं, तर आपणच त्याला गुन्हेगार ठरवल्यासारखं होईल."

"आणि खेळवलं, तर आपण सापारला खोटारडा ठरवल्यासारखं होईल," आनिपा म्हणाली. "मला दोन्ही ठरवायचं नाही. मी राजमा मळते, न्याय नव्हे. निकाल लागेपर्यंत एर्मेक खेळणार नाही. त्याचा पगार चालू, घोड्याचा दाणा चालू. संघाचा कोट घालून तो बाकावर बसेल."

"तुझा सख्खा भाचा आहे, सूनबाई," आबा कळवळून म्हणाले. "काळीज आहे का दगड?"

"भाचा आहे म्हणूनच. उद्या तुमच्या नातवावर आळ आला आणि मी त्याला बसवलं, तर तुम्ही माझ्या यंत्रात माती टाकाल."

हे खरं असल्यामुळे आबांनी विषय सोडला. पण घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे. तक्रारच मागे घेतली गेली तर खटला कसला आणि बाक कसला? म्हाताऱ्यांनी ठरवलं, की एक चांगला मेंढा घेऊन सापारच्या बायकोकडे, कुलीपाकडे जायचं, गावकीची शपथ घालायची आणि तिला वळवायचं. ही मसलत आनिपाच्या कानावर घातली साग्यनालीने. मधमाश्यांशेजारी बसून म्हातारे मोठ्याने कुजबुजत होते आणि तो तिथेच जाळी तोंडावर ओढून उभा होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आनिपाने कुलीपाला आपल्या मोटारीने दवाखान्यात नवऱ्याकडे पाठवलं आणि स्वतः तिच्या घरात चहा उकळत बसली. म्हातारे आले. पुढे आबा, मागे मेंढा, त्याच्यामागे आणखी तीन दाढ्या. दार उघडलं आनिपाने, कमरेला कुलीपाचा एप्रन.

"या, या. बसा. कुलीपा नाही घरी. पण काय सांगायचं ते मला सांगा. मीच कुलीपा आहे असं समजा."

"तुला काय सांगायचं, सूनबाई," आबा टोपी काढून पुन्हा घालत म्हणाले.

"मग तिला काय सांगणार होतात? माझा नवरा नळीने सूप पितोय. पोरगी विचारते, बाबा बोलत का नाहीत. आता बोला, आबा. मी ऐकतेय."

आबांनी घसा खाकरला. "असं आहे, बाई, गाव म्हणजे एक कुटुंब..."

"हं."

"आणि कुटुंबात... थोडं..." त्यांनी आधारासाठी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी साखरेच्या वाटीत डोकं घालून बसला होता.

"थोडं काय, आबा? थोडा जबडा मोडतोच, असं?"

बाहेर मेंढा ओरडला. आबांनी चहाचा घोट घेतला, तोंड भाजून घेतलं आणि म्हणाले, "सापार कसा आहे आता?"

"हा प्रश्न चांगला आहे," आनिपा म्हणाली. "हाच घेऊन आधी आला असतात तर एप्रन बांधायची वेळ आली नसती. मेंढा राहू द्या इथे. आजाऱ्याच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत."

मेंढा राहिला. म्हातारे हात हलवत परतले आणि वाटेत ही कल्पना मुळात कुणाची, यावर त्यांचं भांडण झालं.

हसू आलं ते आनिपाला वाटेवरच. घरी पोचेपर्यंत मात्र ते ओसरलं. एर्मेक अंगणात घोडीला खरारा करत होता. त्याने मान वर केली नाही.

"एजे, एकदा तरी विचार ना, की मी केलं का."

"नाही विचारणार."

"का? भीती वाटते?"

"हो," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. मग मी अध्यक्ष राहणार नाही, नुसती एजे राहीन."

"मला नुसती एजेच हवी होती," तो म्हणाला आणि घोडी घेऊन तबेल्यात गेला. आनिपा उंबऱ्यावर बसली.

सामन्याच्या दिवशी एर्मेकच्या जागी कुबातला घेतला. एर्मेक कोट घालून बाकावर बसला, शेजारी आनिपा. कोन-आरिकच्या लोकांनी टोमण्यांना धरबंध ठेवला नाही. "तुमचा वाघ पिंजऱ्यात का?" "आनिपा-एजे, तुम्हीच उतरा, घोड्याला झेपलात तर." "तुमच्या घोड्याला विचारून बघा," आनिपाने सुनावलं, "त्याला तुमच्यापेक्षा मी हलकी वाटेन." त्या हशात थोडा वेळ बरा गेला. पण कुबातच्या हातून धड दोनदा निसटलं आणि सारी-कुंगोय हरलं. घरी जाताना तिच्याशी कुणी बोललं नाही. दुकानदारीणसुद्धा पाव काउंटरवर आपटून आत गेली.

हिवाळा लागला. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या माणसाने एव्हाना चित्रफीत द्यायला हवी होती, पण ती कामं तो नवराबायकोचं पहिलं भांडण झाल्यावरच पुरी करतो, अशी त्याची ख्याती. अखेर फीत आली. नवरीच्या घरी सगळे बघायला जमले. पडद्यावर नवरी केक कापत होती आणि तिच्यामागे एर्मेक नवरदेवाच्या आजीचा हात धरून नाचत होता. नाचतच होता. आजीचा दम गेला, याचा नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून कुबात मांडवात शिरला, बाही फाटलेली, हात रक्ताळलेला. तो टेबलावरचा रुमाल उचलून हात पुसू लागला.

कुबात मागच्या रांगेत बसला होता. तो उठला, बूट घातले आणि स्वतःच पोलीस चौकीकडे चालू लागला. सापारने त्याला चोरून पाट फोडताना पकडलं होतं, तो राग त्याने बागेत काढला, असं त्याने सांगितलं. अंधारात, नशेत, डोक्यावर घाव बसलेल्या सापारला उन्हाळ्यातलं भांडण आठवलं आणि तोंडात एर्मेकचं नाव आलं.

एर्मेक सुटला. लगेच पुन्हा बैठक. आबा उठून उभे राहिले. "कुबातला आजच्या आज संघातून हाकला. असली घाण आपल्यात नको."

"न्यायाधीशाने सांगितलं का?" आनिपाने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? आपण डोळ्यांनी पाहिलं."

"रक्त पाहिलं. मारताना नाही पाहिलं. त्याने कबूल केलं असेल, तर ते न्यायालयाला कळेल. तोवर तो बाकावर. पगार चालू, दाणा चालू. कोट त्यालाही."

"अगं, पण एर्मेकची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? तो धड उचलतो आणि हा पाडतो, एवढीच ना? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे घरात चालतं, आबा. संघात नाही."

कुणीतरी खुदकन हसलं, मग खोलीच हसू लागली. आबाही हसले, पण हात मात्र त्यांनी सर्वांत शेवटी वर केला. ठराव झाला. मार्चमध्ये कुबातला शिक्षा झाली. त्या दिवशी त्याचं नाव संघातून काढलं, एक दिवस आधी नाही. निकालानंतर सापारने एर्मेकच्या दारात येऊन टोपी काढली. त्याला अजून नीट चावता येत नव्हतं, म्हणून आनिपाने त्याला मध घातलेलं पातळ दही दिलं.

एर्मेकने मात्र तिला माफ केलं नाही, निदान लगेच नाही. "तुझं बरोबर असेल, एजे," तो म्हणाला, "पण माझा हिवाळा गेला." राजधानीच्या संघाने बोलावलं तसा तो घोडी घेऊन वसंतात निघून गेला. निघताना आनिपाने त्याच्या पिशवीत भाकऱ्या आणि वाळलेल्या दह्याचे गोळे भरले. त्याने ते घेतले, मिठी मारली, पण घाईत.

"पुन्हा तसंच केलं असतंस का?" साग्यनालीने त्या संध्याकाळी विचारलं.

"केलं असतं," ती म्हणाली. "आणि पुन्हा असंच वाईट वाटलं असतं."

मे महिन्यात एर्मेकचा फोन आला. घोडीच्या मागच्या पायाला सूज आहे, शेक द्यावा की नको, एवढंच त्याला विचारायचं होतं. शहरात जनावरांचे डॉक्टर ढिगाने होते. आनिपाने ते बोलून दाखवलं नाही. तिने सूज कुठे, केवढी, गरम की गार, सगळं खोदून खोदून विचारलं आणि तो सांगत राहिला.