लापशी ढवळणारा योसेफ

डाग्नी रोज सकाळी चर्च झाडायची तेव्हा केरात छतावर रंगवलेल्या योसेफाचे पोपडे निघायचे. कधी त्याच्या अंगरख्याचा तांबडा रंग, कधी दाढीचा करडा. ते ती खिशात घालून घरी न्यायची. देवाघरचं ते, उकिरड्यावर कसं टाकायचं?

फ्यून बेटावरच्या त्या जुन्या चर्चच्या छतावर पाचशे वर्षांपूर्वी कुणी चितारी चित्रं काढून गेला होता. दक्षिणेकडे, पुरुषांच्या बाकांच्या वर, येशूचा जन्म. मरीया थकून आडवी झालीय आणि योसेफ चुलीपाशी उकिडवा बसून तिच्यासाठी लापशी ढवळतोय. उत्तरेकडे, बायकांच्या बाकांच्या वर, कुजबुजणाऱ्या दोन बाया, आणि त्यांची डोकी एकमेकींवर दाबणारा सैतान. बायकांनी उत्तरेला, पुरुषांनी दक्षिणेला बसायचं, ही रीत गावात अजून होती. डाग्नी जन्मभर त्या सैतानाखाली बसली. नवऱ्याला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा.

यंदा एकाच चित्राची दुरुस्ती होणार होती आणि चर्चच्या मंडळाने निवडला सैतान. पाहुणे त्यालाच बघायला येतात, हसतात, म्हणे. योसेफाचं पुढे कधीतरी बघू. बैठकीत कॉफी ओतता ओतता डाग्नीने हे ऐकलं.

“तोवर तो राहील का?” तिने विचारलं.

मंडळाचा प्रमुख लाउरिट्स, तिचा शाळासोबती. तो म्हणाला, “अगं, सैतान तुम्हा बायकांचाच ना? खूश व्हायचं सोडून रुसतेस काय?” सगळे हसले.

डाग्नीने किटली खाली ठेवली. “तुझी बायको वर्षभर अंथरुणाला खिळली होती. एकदा तरी चूल पेटवलीस? दर रविवारी तुझ्या डोक्यावर योसेफ हेच शिकवत होता. तू मान वर केली नाहीस.”

मग ती घरोघर गेली. रविवारी घंटा व्हायच्या आधीच गावातल्या साऱ्या बायका पुरुषांच्या बाकांवर जाऊन बसल्या. पुरुष टोप्या हातात धरून दारात घुटमळले आणि शेवटी निमूट सैतानाखाली टेकले. पाळकांनी घसा खाकरून उपासना सुरू केली. ओडेन्से शहरातून आलेले पाहुणे वर बघून हसले, मग खाली बघून आणखी हसले. लाउरिट्सचे कान लाल झाले.

गीत चालू असताना डाग्नीच्या काळ्या कोटावर एक पोपडा पडला. तिने तो झटकला नाही, उचलून मुठीत धरला.

बाहेर पडताना लाउरिट्स पुटपुटला की पुढच्या बैठकीत विषय पुन्हा घेऊ.

डाग्नीने मूठ उघडली. तिच्या तळहातावर रंगवलेली चार बोटं होती, लापशीचा डाव धरलेली.

“लवकर घे,” ती म्हणाली. “ढवळणारा हात आज गेला.”