पिवळ्या धातूचे मंगळसूत्र

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं, आणि पहिला राग स्वतःचाच येतो. मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात मी तपास अधिकारी होतो. एक निवृत्त शिक्षिका आपल्या मुलाला घेऊन तक्रार द्यायला आल्या. मंगळसूत्राच्या वाट्या मागून लालसर दिसू लागल्या म्हणून त्यांनी सोनाराला दाखवल्या, तर आत तांबं निघालं. अस्सल दागिना काढून घेऊन कोणीतरी तसाच्या तसा नकली त्यांच्या गळ्यात अडकवला होता.

"कोणीतरी कशाला? कामवाली बाईच," मुलगा म्हणाला. "आईला आंघोळ तीच घालते. रोज मंगळसूत्र तिच्या हातात असतं."

बाई भांडुपहून यायची. चाळिशीची, विधवा. त्याच सोसायटीत आणखी तीन घरची कामं नऊ वर्षं करत होती, या घरी मात्र दोनच महिन्यांपूर्वी लागली होती.

आम्ही पोलीस पंचनाम्यात सोन्याला कधी सोनं म्हणत नाही. 'पिवळ्या धातूचे मंगळसूत्र' असं लिहितो. खात्री झाल्याशिवाय धातूचं नाव घ्यायचं नाही, हे वळण नोकरीच्या पहिल्या वर्षीच हाताला लागतं. मीही तसंच लिहिलं. आणि त्याच कागदावर, त्याच पेनने, त्या बाईचं नाव संशयित म्हणून लिहून मोकळा झालो. धातूच्या बाबतीत एवढा सावध असलेला माझा हात तिच्या नावापाशी जरासुद्धा अडला नाही.

तीन दिवस तिला सकाळी बोलवायचो आणि दिवस मावळायच्या आत सोडायचो. महिला शिपाई समोर असायची. सगळं अगदी नियमात चाललं होतं.

"नकली कुठून बनवून घेतलंस? बोल!"

"साहेब, असलं बनवतात कुठे ते पण मला ठाऊक नाय."

"नाटकं नकोत."

"नाटकं करायला येळ कुठाय मला? चार घरची भांडी पडलीयत तिकडे."

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीची झडती घेतली. आम्ही डबे उपडे करत होतो आणि अख्खी चाळ दारात उभी होती. काही सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत बाकीच्या तिन्ही घरांनी तिला 'उद्यापासून येऊ नकोस' असं कळवलं होतं. तक्रारदाराचा मुलगा मात्र ठाण्यात आला की मी त्याला खुर्ची देत होतो, चहा मागवत होतो.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं की कुर्ल्यात एक प्लेटिंगवाला अशा हुबेहूब नकला चमकवून देतो. मी तिचा फोटो आणि जप्त केलेलं नकली मंगळसूत्र घेऊन गेलो. कारखाना म्हणजे दहा बाय दहाची खोली, द्रावणाच्या टाक्या आणि डोकं उठवणारा वास. तिथला म्हातारा कारागीर फोटो बघून म्हणाला, "हिला कधी पाहिलं नाही." मग त्याने मंगळसूत्र मागितलं आणि वाटीची मागची बाजू भिंगाखाली धरली.

"साहेब, सोन्याचा मुलामा आहे एवढं कळलं तुम्हाला, पण तो किती जाड ते कोणाला विचारलंत?"

शाळेच्या पुस्तकात ज्याला विद्युत विलेपन म्हणतात तेच त्याचं प्लेटिंग. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याची वस्तू टांगायची, वीज सोडायची, की सोन्याचा थर तिच्यावर बसतो. वीज जितका वेळ सोडाल तितका थर जाड, आणि जितका जाड तितका तो टिकणार.

"हात फिरवल्यासारखं पातळ काम असतं ना, तर महिन्यात लाल पडलं असतं," तो म्हणाला. "हे जाड काम आहे. रोज अंगावर घासून एवढं तांबं दिसायला आठ-दहा महिने तरी पायजेत."

आठ-दहा महिने! आणि बाई लागून झाले होते दोन. जीपमध्ये बसलो तेव्हा माझे कान तापले होते. पहिल्याच दिवशी एवढं विचारायला माझं काय जात होतं?

थेट त्या शिक्षिका आजींकडे गेलो. "बाई लागायच्या आधी हे मंगळसूत्र कधी घराबाहेर गेलं होतं?"

"गेल्या वर्षी, खुब्याच्या ऑपरेशनला. नर्सने काढून मुलाकडे दिलं, त्याची सही घेतली. घरी आल्यावर त्यानेच माझ्या गळ्यात घातलं."

मुलाला ठाण्यात आणलं. या वेळी खुर्ची दिली नाही. अर्ध्या तासात त्याने कबूल केलं. आई ऑपरेशनच्या टेबलावर असताना याने तिच्या मंगळसूत्राचे फोटो काढले होते आणि ती घरी यायच्या आत त्यांवरून नकली बनवून घेतलं होतं. अस्सल विकून झालं होतं, आणि आळ घ्यायला बाई आयतीच मिळाली होती.

आरोपपत्र मी दाखल केलं. पुढे मायलेकांनी कोर्टाच्या परवानगीने तडजोड केली. पण आजींचं एक वाक्य मला अजून टोचतं. मला म्हणाल्या, "तिला परत कामावर पाठवा. आम्ही काही मनात ठेवणार नाही."

मी हा निरोप बाईला सांगितला. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "मनात त्यांनी ठेवायचं? त्यांनी?"

मग म्हणाली, "मला कागद द्या. दारोदार तोंडाने काय सांगत बसू?"

असा कागद द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तरीही मी लिहिला, 'सदर महिलेचा गुन्ह्याशी संबंध नाही', आणि खाली सही-शिक्का मारला. वरिष्ठ नंतर चिडले, चिडोत. कोणावर संशय घ्यायचा हे आम्ही बऱ्याचदा खुर्ची कोणाला द्यायची यावरून ठरवतो, हे मला त्या खटल्याने शिकवलं, आणि त्याची किंमत मी नव्हे, तिने मोजली.

तिने कागद सावकाश वाचला. आभार मानले नाहीत.

"यात तुम्ही चुकलात असं कुठे लिहिलंय?"

मी कागद परत घेतला आणि तेही लिहिलं.