सकाळी नऊला संपणारी जाहिरात

वहिनींच्या मासवडीची जाहिरात इंटरनेटवर द्यायची अक्कल माझीच. तेव्हा पुढं जे झालं त्याचा निम्मा दोष माझा आणि उरलेला आमच्या भावकीच्या प्रेमाचा. माझं डोकं लवकर तापतं, त्यामुळे त्या दिवसांत मी स्वतःला सोडून सगळ्या जगाला दोष देऊन घेतला.

मंचरजवळच्या कळंबला हायवेच्या कडेला माझं छोटं दुकान आहे. सातबारा काढून देणं, परीक्षेचे फॉर्म भरणं, झेरॉक्स, असली कामं. थोरला भाऊ जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वहिनींना मूलबाळ नाही. त्यांनी घरीच मासवडीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, हलक्या हातानं गुंडाळायचं आणि सुरीनं वड्या पाडायच्या. रस्सा वेगळ्या डब्यात. अवसरीच्या कॉलेजची पोरं रविवारी न्यायची, पण कॉलेजला सुट्टी लागली की वहिनींनाही सुट्टी. चिंचवडचा त्यांचा भाऊ बोलावत होता. तिथं एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळत होतं. वहिनींनी त्याला सांगितलं होतं, "दसऱ्यापत्तोर बघते. न्हाई जमलं तर येते."

गेल्या तर त्या परत येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी सातवीत होतो. माझ्या शाळेच्या डब्यापासून माझ्या लग्नातल्या रुखवतापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. त्या गेलेलं मला सोसवलं नसतं, उगाच आडवळणानं कशाला सांगू.

म्हणून जाहिरात. कुणी फोनवर मासवडी शोधली की सगळ्यात वर आमचं नाव दिसणार, आणि त्यावर बोट लावून कुणी आत आलं तरच जाहिरात दाखवणारी कंपनी पैसे घेणार. वहिनींच्या साठवलेल्या पैशातून रोजची एक रक्कम ठरवून द्यायची, ती संपली की जाहिरात त्या दिवसापुरती बंद. भाग कुठला, असं विचारलं तिथं मी अख्खा पुणे जिल्हा टाकला. गिऱ्हाईक पुणे शहरातलं हवं होतं, पण नुसतं शहर टाकलं तर कळंबात बसून आपली जाहिरात आपल्यालाच दिसणार नाही, ही माझी हौस. मग ती दिसल्याबरोबर भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, "घरची मासवडी असं शोधा. पहिली येते ती आपल्या वहिनींची." चाळीस अंगठे आले आणि मी खूश झालो.

पहिल्या आठवड्यात आकडा बघून मी उडालोच. रोज इतकी माणसं जाहिरातीवर बोट लावत होती, की भाजीच्या टेम्पोतून पुण्याला माल पाठवायचं मी बोलूनसुद्धा ठेवलं. फोन मात्र एकही नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. वहिनी संध्याकाळी विचारायच्या, "आज किती जणांनी बघितलं, भाऊजी?" मी आकडा सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, "एवढी लोकं बघत्यात आन माघारी फिरत्यात. म्हंजी माझ्या मालातच काय तरी खोट आसंल." त्याच दिवशी त्यांनी दोन मोठी पातेली घासून माझ्या बायकोला देऊन टाकली.

मी कंपनीच्या नावानं खडे फोडायला लागलो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं बायकोला दिवसातून चारदा ऐकवलं. मंचरला ज्यांच्याकडून आम्ही बेसन आणि तीळ घेतो, त्या शेठजींच्या दुकानातही तेच सुरू केलं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण ते स्वतः आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "वर कुणाचं नाव दाखवायचं, हे ती कंपनी कसं ठरवते?"

मी सांगितलं की लिलाव होतो. मासवडी या शब्दावर कोण किती द्यायला तयार आहे ते बघतात, जाहिरात कामाची आहे का तेही बघतात, आणि शोधणाऱ्याचं बोट उठायच्या आत निकाल लागतो.

"म्हणजे बाजार समितीतल्यासारखंच," शेठजी म्हणाले. "फरक एवढाच की आडत्या माल विकला गेल्यावर आडत घेतो आणि ही कंपनी माणूस दारात आणून सोडल्याचे घेते. माणूस आणायचं ती बोलली आणि तिनं आणला. तो काही घेत नसेल तर तिला कशाला शिव्या? दारात कोण येतंय आणि कधी येतंय, ते बघितलंत का भाऊ?"

नव्हतं बघितलं. आकडा मोठा आहे यावरच मी खूश होतो. दुकानात येऊन नीट पाहिलं, तर पहाटे साडेपाचपासून माणसं यायला लागत आणि नऊ वाजेपर्यंत दिवसाचे पैसे संपून जाहिरात बंद. पुण्यातल्या माणसाला दुपारी मासवडी आठवली, तर त्याला आमचं नाव दिसायचंच नाही. पण पहाटे साडेपाचला, दात घासायच्या आधी, मासवडी शोधणारी ही कोण जमात, ते काही मला उमजेना.

ते उमजलं राजुरीला, एका साखरपुड्यात. माझे मधले चुलते तात्या मांडवात दिसले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमी रोज न चुकता दाबतो बरं का. उठलं, देवाला हात जोडलं, की पयली तुझी जाहिरात."

"काय दाबता?"

"मासवडीची. मी दाबतो, दोन्ही सुना दाबत्यात, तुझी काकू तर शेजारणीच्या फोनवरनं पण दाबती. लई लोकांनी दाबली की धंदा वर येतो, आसं म्हणत्यात."

शेजारच्या खुर्चीवरचे आमचे दुसरे चुलतेही मान हलवायला लागले. त्यांच्याकडं पाच फोन होते. आमच्याकडं कुणी दुकान टाकलं की भावकीतला माणूस तिथून रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. गरज असो नसो, निदान चहाची पुडी घेतोच, कारण आपल्या माणसाच्या गल्ल्यात आपला हात लागला पाहिजे. वहिनींच्या दुकानाला दार नव्हतं, म्हणून या लोकांनी फोनवर जाऊन तो हात लावला होता. एकाच फोनवरून लागोपाठ दाबलेलं कंपनी मोजत नाही म्हणतात. पण इथं घरोघरचे फोन होते आणि रोजचा नेम होता.

मी भर मांडवात तात्यांवर ओरडलो. म्हटलं, तुमच्या एकेका बोटाचे पैसे वहिनींच्या खिशातून जातात, तीन आठवडे तुम्ही त्यांना लुटताय. तात्यांचा चेहरा उतरला. हातातली पेढ्याची वाटी खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "आमाला काय ठावं, राव. त्यो गेल्यापसनं तिच्याकडं यावं म्हणतो, पर एकटी बाई घरात, गडीमाणसानं कसं जायाचं? म्हटलं, येवढं तरी करू." मला माझीच लाज वाटली. ग्रुपवर शोधा म्हणून लिहिणारा मी, पैसे कसे कापतात हे माहीत असणाराही मीच.

राजुरीहून मी तडक वहिनींच्या घरी आलो. वहिनी ट्रंक उघडून साड्यांच्या घड्या लावत होत्या. दसऱ्याला आठ दिवस होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मालात काही खोट नाही, पुण्याच्या माणसांनी जाहिरात जवळपास पाहिलेलीच नाही, आपल्याच माणसांनी घोळ केला.

त्यांनी पैशाचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "कोण कोण व्हतं?"

मी सांगत गेलो. तात्या, त्यांच्या दोन्ही सुना, काकू, दुसरे चुलते आणि त्यांच्या घरातले पाच फोन, वरच्या आळीतली दोन्ही घरं. ज्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारपूस केली नाही म्हणून आम्ही मनातल्या मनात नावं ठेवली होती, तीच ही सगळी माणसं.

"रोज?"

"रोज. उठल्या उठल्या."

वहिनी हातातली साडी तशीच मांडीवर घेऊन बसल्या आणि रडायला लागल्या. भाऊ गेल्यानंतर दहाव्याला सुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. "मला वाटलं व्हतं, ह्यांच्या माघारी मी हितं कुणाचीच न्हाई," त्या म्हणाल्या. माझं तापलेलं डोकं कुठल्या कुठं गेलं आणि मीही तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.

डोळे पुसून त्यांनी पहिला फोन तात्यांना लावला. "मामंजी, आता ते दाबू नगा. आईतवारी सगळ्यांला घिऊन जेवायला या. आंगनातनं माघारी जायाचं न्हाई, आत यायचं." पलीकडून तात्या काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दुसरा फोन चिंचवडला. "दादा, धंदा चालंल का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर मी हितनं हलत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी जाहिरातीतून आमची भावकी राहते ते जुन्नर आणि आंबेगाव तालुके वगळले, नुसतं पुणे शहर ठेवलं आणि वेळ सकाळी दहानंतरची केली. पुण्याची पहिली ऑर्डर पाचव्या दिवशी आली. वहिनींचं राहायचं मात्र तिच्या आधीच ठरलं होतं, जाहिरातीवर एकही वडी विकली गेली नव्हती तेव्हा.