पास्कू अंकलचा हॅम्बर्गर

पास्कू अंकल हॅम्बर्गर डोळे मिटून भाजत. तव्यावर मांसाचा गोळा दाबला की मान किंचित कलती करून ते त्याची चरचर ऐकत राहत, आणि आवाज बारीक झाला की उलथनं घालत. बाहेर वॉन या परदेशी गावातल्या गोदामांवर बर्फ पडत असे, काचांवर वाफ धरलेली असे. त्या धुरकट उजेडात सगळं दुकान पाण्याखाली असल्यासारखं वाटे. आत बोललेलंही लांबून आल्यासारखं.

गोष्ट दोन हजार सोळाची. नवरा कॉलेजात शिकत होता, माझं शिक्षण आठवीत सुटलेलं. बेसमेंटचं भाडं आणि दोन वेळचं जेवण अंकलच्या दुकानातल्या माझ्या पगारावर. हे काम गेलं असतं तर त्याचं कॉलेज सोडून आम्हाला वसईला परतावं लागलं असतं. म्हणून मी पुसलेलं टेबल पुन्हा पुन्हा पुसत असे. अंकलही वसईचेच, चर्चमध्ये ओळख झालेले. म्हणत, ‘‘बाय, त्या टेबलाची साल काढशील.’’

गिऱ्हाईक नसलं की हॅम्बर्गरची कुळकथा सुरू होई. ‘‘कोणी सांगतात, घोडेस्वार खोगिराखाली मांस ठेवून मऊ करत. मला नाही पटत. घोड्याचा घाम कोण खाईल? पण हॅम्बुर्ग बंदर खरं. तिथून बोटी भरून माणसं अमेरिकेला गेली, त्यांच्या मागोमाग हा खिमा गेला. तेव्हा तो बशीत असायचा, काट्या-सुरीनं खायचा. मग कुठल्याशा जत्रेत कोणीतरी पावात घातला, चालता चालता खाता यावा म्हणून. आता अमेरिकेतली चार गावं भांडतात, पहिला आमच्याकडेच झाला म्हणून.’’ आणि पुढे म्हणत, ‘‘हॅम्बुर्गमध्ये याला हॅम्बुर्गचा कोण म्हणणार? गावाचं नाव गाव सुटल्यावर चिकटतं. मी तरी वसईवाला इथंच झालो.’’

एका सकाळी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि खिमा माझ्यावर सोपवला. नुसता खिमा, वरून मीठ-मिरी, एवढाच त्यांचा नियम. माझा त्यावर विश्वास बसेना. तव्यावर सुटला तर? आई नाताळात कटलेटं करायची तसा भिजवलेला पाव, अंडं, कांदा, हिरवी मिरची घालून मी तो कणकेसारखा मळला.

दुपारी ट्रकवाल्यांची रांग लागली. अंकल आले, एक तुकडा चाखला.

‘‘हे कटलेट झालं.’’

मी अ‍ॅप्रनची गाठ सोडू लागले.

‘‘का गं, उकडतंय?’’

‘‘काढून टाकाल ना मला?’’

‘‘मग रांग कोण सांभाळेल? दे तो खिमा इकडे.’’

काउंटरवर जाऊन त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आज हॅम्बर्गर नाही, पावात कटलेट आहे, नको असेल त्यानं आत्ताच बोलावं. पुढचा जमैकन ड्रायव्हर म्हणाला, ‘‘पास्कू, नाव नंतर ठेव. मला ट्रक न्यायचाय.’’ पहिलं उभ्यानंच खाऊन त्यानं दुसरं मागितलं. दोघंजण मात्र तसेच परत गेले.

गर्दी ओसरल्यावर अंकलनी ताजा खिमा माझ्या तळव्यावर ठेवला. ‘‘घाबरलेलं माणूस फार मळतं. सैल धर. आपला आपण जुळतो तो.’’ खरंच जुळला. कटलेटही दर बुधवारी पाटीवर दिसू लागलं. ‘‘जत्रेतल्या त्या माणसाचंही काहीतरी चुकलंच असणार,’’ असं अंकलचं म्हणणं.

तीन वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. व्हिटबीला मुलीकडे जायचं ठरलं, दुकान विकायला निघालं. आमची पर्मनंट रेसिडेन्सी अजून हातात नव्हती. माझी झोप उडाली. घेणारा सौद्याला बसला तेव्हा मी मागे कांदे चिरत होते. अंकल त्याला सांगत होते, तवा घे, फ्रीज घे, पाटी हवी तर बदल. ‘‘ही बाई मात्र इथंच राहील. नाहीतर मी दुसरा कोणी बघतो.’’ त्याचं ‘बरं’ ऐकू आलं. कांदे भरपूर होते, डोळ्यांचं कोणी काही विचारलं नाही.

जायच्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली. मी दारात उभी राहून काय बोलावं ते मनात घोळवत होते. अंकलनी काच खाली केली.

‘‘थंडीत काय करतेस, बाय? आत गिऱ्हाईक उभं आहे.’’

मी आत गेले.