बिनशिक्क्याचा मणी

अमळनेरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की फलाटावर निरोपाचे हात तेवढे हलताना दिसले, माणसं नाहीच. नंदुरबार कधी गेलं कळलं नाही. हरभऱ्याची शेतं खिडकीतून पाण्यासारखी वाहत होती आणि मी अर्धी झोपेत, अर्धी ताईच्या लग्नात होते.

ताई माझी थोरली बहीण. ती गेली तेव्हा तिची रंजू पाळण्यात होती. ताईच्या डोरल्यातला (आमच्याकडचं मंगळसूत्र) एक सोन्याचा मणी तेव्हापासून माझ्या गळ्यात होता. आता रंजूचं लग्न ठरलं आणि मी हट्टच धरला, मणी तिच्या नव्या डोरल्यात बसवायचा. आमच्या भावकीत आईचा मणी लेकीच्या डोरल्यात झाळून पक्का करतात. सुटा ओवणं बरं मानत नाहीत. दिवाळीतच मी तो सुरतेच्या मधुकाकांकडे धाडला होता. काका मूळचे चोपड्याचे सोनार, अजून हाताने डोरलं घडवणारे.

सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरले. रंजू न्यायला आली होती. "मावशी, केटली मोडी गाडी!" (किती उशिरा गाडी) म्हणत तिने माझी पिशवी ओढली. वाटेत पांडेसऱ्याच्या कारखान्यांवर वाफेचे ढग तरंगत होते. भाऊजी, रंजूचे वडील, तिथेच कापडरंगाईच्या कारखान्यात आहेत. त्या दिवशी त्यांची नखं गुलाबी होती. नवागामच्या त्यांच्या खोलीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी जेवले. भिंतीपलीकडे मागांचा आवाज सारखा चालू होता. त्या आवाजात मला अशी झोप लागली, जशी माहेरी लागावी.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर आम्ही दोघी हॉलमार्कच्या केंद्रात गेलो. नोंदणी असलेल्या सोनारालाच तिथे दागिना देता येतो. काकांची नोंदणी होती. फी नगामागे ठरलेली, दागिना जड असो की हलका, आणि ती आमच्या रिक्षाभाड्यापेक्षाही कमी निघाली. "एवढ्यात काम होतं?" मी हसले. डोरलं आत गेलं. तपासणीत उतरलं की लेझरने त्यावर तीन खुणा उमटणार होत्या: सरकारी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि त्या एका दागिन्याचा ओळख क्रमांक. रंजूच्या सासरच्यांना बावीस कॅरेटचा शब्द दिलेला होता.

तोवर बाहेरच्या गाडीवर पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) आणि लिंबूमिऱ्याची शेव खाल्ली. ऊन मऊ होतं. रस्त्यावरून साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो जात होते आणि मला उगाच वाटलं, यातली एखादी साडी ताई निवडत असेल.

आत बोलावणं आलं. तपासणाऱ्या बाईंनी डोरलं पुढे ठेवलं. "बेन, वाटकी बराबर छे. आ मणि ओछो आवे छे." (बाई, वाट्या बरोबर आहेत, हा मणी शुद्धतेत कमी भरतोय.)

एक मणी कमी भरला की अख्खा दागिना नापास. खालच्या कॅरेटचा शिक्का घ्यायचा, नाहीतर मणी कापून काढायचा.

काका खाली बघत होते. "माय, माले मालूम व्हतं. मी कसोटीवर घसी दखेल व्हता." (मला माहीत होतं. घासून पाहिला होता.)

"मग बसवलात कशाला?"

"मायना मणी शे. शिक्का ते वाटीवर पडस, मणीले कोन दखस!" (आईचा मणी आहे. शिक्का तर वाटीवर पडतो, मण्याला कोण बघतं!)

मला भयंकर राग आला. काकांचा, त्या यंत्राचा, आणि खरं सांगायचं तर ताईचासुद्धा. "कापायचा नाही," मी म्हणाले. "खालचा शिक्का मारा. सासरचे काय म्हणायचं ते म्हणोत."

रंजू डोरल्यावर वाकली. तिने विचारलं, "काका, मणी एकटा असेल तर? त्यालाही शिक्का लागतो?"

"दोन ग्रामना खाले शे. इतल्या बारीकले लागत नई." (दोन ग्रॅमच्या खाली आहे. एवढ्या लहानाला लागत नाही.)

"मग कापा."

"अगं, सुटा मणी..." मी तिचं मनगट धरलं.

"मावशी, डोरलं लग्नात नवरा बांधेल तेव्हाच गळ्यात येणार. तेवढा वेळ आईने बाहेर का थांबायचं? मला ती हळदीला पण हवी."

काकांनी दुकानात येऊन सांधा सोडवला. मणी काळ्या दोऱ्यात ओवून रंजूने तिथेच गळ्यात घातला, ओढणीच्या आत ढकलला आणि वरून हात ठेवून उभी राहिली. काका डोरलं पुन्हा उजळून केंद्रात घेऊन गेले. संध्याकाळी ते तिन्ही खुणा घेऊन परत आलं. रंजूने ते जेमतेम पाहिलं.

परतीच्या गाडीत माझा हात सारखा गळ्याशी जात होता. दिवाळीपासून गळा रिकामाच होता, पण त्याचं रिकामपण मला त्या दिवशी कळलं. वाईट वाटत होतं आणि बरंही. इतकी वर्षं मी तो मणी सांभाळते आहे असं समजत होते. खरं तर ताईला मी सोडतच नव्हते.

नवापूरला एक बाई शेजारी येऊन बसल्या. माझे डोळे पाहून म्हणाल्या, "कोणाला पोहोचवायला गेला होतात का?"

"हो," मी म्हणाले. "बहिणीला. तिच्या लेकीकडे सोडून आले."